टोचलेल्या बोटाची नोंद कोण घेणार?

(परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि आरोग्यसेवा प्रकल्पांतील कार्यकर्ते यांच्या एका अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



१८४७ सालच्या मार्च महिन्यातील घटना आहे. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात याकोब कोलेच्का नावाचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक होते. शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरीचे टोक त्यांच्या बोटाला लागले. जखम अगदी क्षुल्लक होती. पण थोड्याच दिवसांत सर्वांगात विषबाधा पसरून त्यांचा अंत झाला. त्यांचे स्नेही इग्नाझ सेमेलवाइस त्या वेळी व्हेनिसला गेले होते. परत आल्यावर त्यांनी मित्राच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला आणि ते थबकले. प्रसूतिज्वराने दगावणाऱ्या बाळंतिणींच्या शरीरात जी लक्षणे त्यांनी शेकडो वेळा पाहिली होती, तीच लक्षणे या अहवालात होती. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात जाणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतून हे विष बाळंतिणींपर्यंत जाते, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम त्यांनी घालून दिला.

हा प्रसंग वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितला जातो, पण तो हात धुण्याची कथा म्हणून. वस्तुतः त्याची सुरुवात एका वैद्याच्या टोचलेल्या बोटापासून होते. त्या बोटाने रुग्णाला कसे वाचवावे हे जगाला शिकविले. ते बोट मात्र कसे वाचवावे, याचा विचार गांभीर्याने सुरू होण्यास पुढे दीडशे वर्षे जावी लागली.

आपल्याकडे सुश्रुताने शल्यकर्मासाठी एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत. त्या वीस शस्त्रांत सूची म्हणजे सुईही आहे. एकशे एक यंत्रांची गणना करताना सुश्रुत हातालाच सर्वांत प्रधान यंत्र ठरवितो, कारण हातावाचून बाकीची यंत्रे चालतच नाहीत. शस्त्राला धार कशी असावी, ते कसे धरावे, कसे ठेवावे याविषयी इतका काटेकोर विचार करणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. त्या परंपरेत हे प्रधान यंत्र जपण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आज आपल्या रुग्णालयांच्या संदर्भात विचारावयाचा आहे.

पोकळ सुई आणि दट्ट्या असलेली पिचकारी यांची जोडी १८५३ मध्ये एडिंबरोचे अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील शार्ल प्राव्हाझ यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केली. तेव्हापासून आजवर काच जाऊन प्लास्टिक आले, उकळून पुन्हा वापरायच्या सुयांच्या जागी एकदा वापरून टाकावयाच्या सुया आल्या; परंतु मूळ रचना फारशी बदलली नाही. काम झाल्यावर हातात उरते ती रक्ताने माखलेली, उघडी, पोकळ आणि अत्यंत तीक्ष्ण अशी सुई. पोकळ सुईचा धोका शिवणाच्या भरीव सुईपेक्षा अधिक, कारण तिच्या नळीत रक्त साठलेले असते. इंजेक्शन रुग्णाला देऊन झाले की त्या क्षणापासून ती सुई कोणाच्याच उपयोगाची राहत नाही. तरीही ती डब्यात पडेपर्यंतचे अर्धे मिनीट परिचारिकेच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचे ठरू शकते.

वॉर्डातील सकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. चाळीस रुग्ण आणि दोन सिस्टर. एका हातात ट्रे, त्यात भरलेल्या सिरिंजा, कापूस, फोडलेल्या ॲम्प्यूल. कोणाची सलाईन संपली आहे, कोणाचा नातेवाईक हाक मारतो आहे, कोणी रुग्ण सुई टोचताच हात झटकतो. वापरलेली सुई टाकण्याचा डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. तेवढे अंतर उघडी सुई घेऊन चालायचे की तिला पुन्हा टोपण लावायचे? नियम सांगतो, टोपण लावू नका. अनुभव सांगतो, उघडी सुई घेऊन गर्दीतून जाऊ नका. दोन्ही सल्ले खरे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. मग डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सुई, आणि नेमकी त्याच वेळी मागून कोणीतरी हाक मारतो.

दुपारी मावशी केर काढतात. गादीच्या घडीत राहिलेली एखादी सुई, कापसाच्या बोळ्याखाली दडलेले लॅन्सेट, काळ्या पिशवीत चुकून गेलेला सलाईनचा सेट त्यांच्या वाट्याला येतो. त्यांनी इंजेक्शन दिलेले नसते. ती सुई कोणत्या रुग्णाची हेही त्यांना ठाऊक नसते. त्या बहुधा कंत्राटदाराच्या नोकरीत असतात आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत त्यांचे नावही नसते. बोट पदराला पुसून काम पुढे चालू राहते.

धोका किती, याचे आकडे आता बऱ्यापैकी निश्चित झालेले आहेत. एचआयव्हीबाधित रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली तर संसर्गाची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती शंभरात सुमारे दोन मानली जात असे. अलीकडील अभ्यासांत ती याहून बरीच कमी आढळली आहे. हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्या व्यक्तीला मात्र तोच धोका शंभरात सहापासून तीसपर्यंत असतो. सर्वसामान्यांच्या मनात भीती असते ती एचआयव्हीची, आणि ज्याचा धोका कित्येक पटींनी अधिक त्या कावीळीकडे दुर्लक्ष होते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. आठवड्यापूर्वी कोपऱ्यात पडलेली सुई म्हणूनच निरुपद्रवी नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या आपल्या अहवालात जगभरातील साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. त्यांपैकी सुमारे तीस लाखांना दर वर्षी अशा टोचण्यातून रक्तजन्य विषाणूंचा संपर्क होतो. त्यातून होणाऱ्या संसर्गांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक विकसनशील देशांत घडतात. नोंदी ठेवण्याची व्यवस्था मात्र श्रीमंत देशांत. जेथे दुःख आहे तेथे कागद नाही, आणि जेथे कागद नाही तेथे ते दुःख शासनाच्या लेखी अस्तित्वातच नसते.

हा विषय जगाच्या वेशीवर आला तो एड्सच्या भीतीमुळे. १९८४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील एका परिचारिकेची हकिकत प्रसिद्ध झाली. रुग्णाचे रक्त घेतल्यावर सुईला टोपण लावताना ती बोटात गेली आणि तिला संसर्ग झाला. सुई टोचून एचआयव्हीचा संसर्ग झाल्याची ही पहिली नोंद. त्यानंतर सर्वत्र फलक लागले, सूचना निघाल्या, ‘टोपण पुन्हा लावू नका’ असे बजावण्यात आले. टोचण्याचे प्रमाण मात्र अपेक्षेप्रमाणे घटले नाही, आणि दोष कर्मचाऱ्यांच्या बेपर्वाईवर ढकलला गेला.

हा दोषारोप तपासून पाहण्याचे काम अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधक जनीन जॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांची पद्धत साधी होती. दहा महिने एका विद्यापीठीय रुग्णालयात ज्या ज्या कर्मचाऱ्याने सुई टोचल्याचे कळविले, त्याला जाऊन भेटायचे आणि दोनच गोष्टी नीट विचारायच्या: हातात कोणते उपकरण होते आणि नेमके काय करताना ते टोचले. ‘तू काळजी का घेतली नाहीस’ हा प्रश्न त्यांत नव्हता. अशा ३२६ घटना जमल्या. १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते मोठे उद्बोधक होते.

एकूण घटनांपैकी ३५ टक्के साध्या सिरिंजमुळे घडल्या होत्या. यावरून कोणीही सिरिंजलाच दोषी ठरविले असते. परंतु जॅगर यांनी रुग्णालयाने त्या काळात प्रत्येक उपकरण किती विकत घेतले हेही पाहिले. सिरिंजा लाखोंनी वापरल्या जातात. त्या हिशेबाने एक लाख सिरिंजांमागे टोचण्याच्या घटना सातहून कमी, म्हणजे सर्व उपकरणांत सर्वांत कमी निघाल्या. ज्या उपकरणांची सुई वापरानंतर हाताने सुटी करावी लागत असे, त्यांचे प्रमाण याच्या पाचपटीहून थोड्या अधिकपर्यंत पोहोचत होते. सलाईनच्या नळीला जोडलेल्या सुयांचा वाटा तर एकूण घटनांत २६ टक्के होता, आणि नळीला नळी जोडण्यासाठी सुईची मुळात गरजच नाही! एक तृतीयांश घटना टोपण लावताना घडलेल्या. टोपण का लावले, असे विचारता कर्मचाऱ्यांनी सांगितलेली कारणे कोणत्याही समंजस माणसाला पटावीत अशी होती: दूषित उघड्या सुईसह उपकरण सुटे करण्याचा धोका, आणि हातात चार-पाच उघड्या वस्तू घेऊन डब्यापर्यंत जाण्याची अडचण.

कर्मचारी नियम मोडत होते हे खरे. पण एक धोका टाळण्यासाठी त्यांनी दुसरा पत्करला होता. दोष रचनेत होता. घाटातील एकाच वळणावर वारंवार गाड्या दरीत जाऊ लागल्या तर चालकांना व्याख्याने देत बसण्यापेक्षा आधी तेथे कठडा बांधला जातो. सुईच्या बाबतीत कठडा म्हणजे काय, हा प्रश्न येथून पुढे अभियंत्यांकडे गेला.

त्याचे उत्तर लवकरच मिळू लागले. सुईवर सरकून बसणारे आवरण आले. सुईच्या बुडाशी बिजागरी लावून एका बोटाने मिटविता येणारे झाकण आले. दट्ट्या शेवटपर्यंत दाबताच स्प्रिंगच्या बळाने सुई आत ओढली जाईल अशी सिरिंज आली. शिरेत घालावयाच्या कॅन्युलात सुई मागे खेचताच तिच्या टोकावर धातूची छोटी चिमटी आपोआप बसेल अशी योजना झाली. सलाईनच्या नळ्यांना सुईविरहित जोड आले. बोटातून थेंबभर रक्त घेण्यासाठी टोचून लगेच आत जाणारे लॅन्सेट आले. शस्त्रक्रियेत स्नायूंचे थर शिवण्यासाठी बोथट टोकाची सुई आली; ती मांसातून जाते, पण हातमोजा आणि कातडी सहजी भेदत नाही.

या साधनांत एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. काहींची सुरक्षा कर्मचाऱ्याने स्वतः बोटाने चालू करावी लागते. काहींची आपोआप होते. घाईच्या वेळी माणूस कळ दाबण्यास विसरतो, आणि न दाबलेली सुरक्षित सुई ही साध्या सुईइतकीच धोकादायक. म्हणून खरेदीच्या वेळी जे आपोआप घडते त्याला प्राधान्य द्यावे, असा अनुभवांती निघालेला निष्कर्ष आहे. ‘सेफ्टी’ हा शब्द वेष्टनावर छापलेला असणे पुरेसे नाही.

साधने होती, तरी ती रुग्णालयांत येत नव्हती. कारण एकच, किंमत. हे चित्र पालटण्यास एका परिचारिकेचे दुर्दैव कारण झाले. कॅरन डेली या बॉस्टनमधील आपत्कालीन विभागात वीसहून अधिक वर्षे काम केलेल्या परिचारिका. मॅसॅच्युसेट्स राज्यातील परिचारिकांच्या संघटनेच्या त्या अध्यक्षाही होत्या. १९९८ च्या जुलैमध्ये त्यांनी एका रुग्णाचे रक्त घेतले आणि सुई रीतसर डब्यात टाकली. त्याच डब्यातून वर आलेली दुसरीच कोणाची तरी सुई त्यांच्या बोटात घुसली. काही महिन्यांतच त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी या दोहोंचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांनी हातमोजे घातले होते, टोपण लावले नव्हते, सुई डब्यातच टाकली होती. नियमांपैकी एकही मोडलेला नव्हता.

रुग्णाजवळचे काम त्यांना सोडावे लागले. गप्प बसण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. अशा आजाराविषयी जाहीर बोलणे त्या समाजातही सोपे नव्हते. त्यांनी स्वतःचे नाव आणि आजार सांगून लोकप्रतिनिधींसमोर साक्ष दिली. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्येच या विषयावर पहिला राज्य-कायदा केला होता. ६ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या स्वाक्षरीने संपूर्ण देशासाठी सुईसुरक्षेचा कायदा झाला. पुढे २०१० मध्ये डेली अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या.

या कायद्यात तीन गोष्टी होत्या, आणि त्यांतील मधली सर्वांत महत्त्वाची आहे. रुग्णालयाने दर वर्षी नव्या सुरक्षित साधनांचा आढावा घेऊन ती स्वीकारावीत, ही पहिली. साधन निवडताना प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या, व्यवस्थापनात नसलेल्या कर्मचाऱ्यांचे मत घ्यावे आणि ते घेतल्याची नोंद ठेवावी, ही दुसरी. टोचण्याच्या प्रत्येक घटनेची, उपकरणाचा प्रकार व छाप यांसह, नाव गुप्त राखून नोंदवही ठेवावी, ही तिसरी. जी सुई सिस्टरच्या हातात जाणार, ती निवडण्याच्या बैठकीत सिस्टरला खुर्ची असावी, इतकी साधी गोष्ट कायद्याने सांगावी लागली. अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींचा जो अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला, त्यानुसार कायद्यानंतरच्या २००१ या वर्षी टोचण्याच्या घटना ३८ टक्क्यांनी घटल्या. माणसे तीच होती, घाईही तीच. बदलली होती ती सुई. युरोपीय संघानेही २०१० मध्ये असाच निर्देश काढून मे २०१३ पर्यंत सदस्य देशांना तो अमलात आणण्यास सांगितले आणि टोपण परत लावण्यास सरसकट बंदी घातली.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे सुरक्षित इंजेक्शनाची चर्चा झाली नाही असे नाही. परंतु ती मुख्यतः रुग्णाच्या बाजूने झाली, आणि तिला तसे सबळ कारणही होते. २००९ च्या आरंभी गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची भीषण साथ आली. ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि तपासाचा रोख वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरण्याकडे वळला. तत्पूर्वीच बालकांच्या लसीकरणात एकदा वापरताच दट्ट्या अडकून बसणारी सिरिंज आपल्या देशाने स्वीकारली होती. कोविड-१९ च्या लसीकरणात याच जातीच्या सिरिंजा वापरल्या गेल्या. १७ जुलै २०२२ रोजी या मोहिमेने दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. एवढ्या संख्येने सिरिंजा पुरविण्यात देशातील कारखान्यांचा वाटा मोठा होता, ही अभिमानाची गोष्ट होय.

तथापि, एक गफलत येथे दूर केली पाहिजे. अडकणारी सिरिंज रुग्णाला वाचविते, कारण ती दुसऱ्यांदा भरताच येत नाही. पण तिची सुई वापरानंतरही उघडीच असते. ती ज्या बोटाला टोचेल त्याला तिच्या अडकलेल्या दट्ट्याचा काहीही उपयोग नाही. पुनर्वापर रोखणारे साधन वेगळे आणि टोचण्यापासून वाचविणारे साधन वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे दोन गुण स्वतंत्रपणे मांडले आहेत. आपल्या खरेदीपत्रकांत मात्र ‘सुरक्षित सिरिंज’ एवढाच मोघम शब्द येतो आणि पहिल्यावर समाधान मानून दुसऱ्याचा विसर पडतो. जे राष्ट्र दोनशे कोटी सुया टोचण्याचा पराक्रम करू शकते, त्याला ज्या हातांनी त्या टोचल्या त्यांची सुई झाकता येऊ नये, हे पटणारे नाही.

कायद्याचा आधार आपल्याकडे अगदीच नाही असेही नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी तीक्ष्ण कचऱ्यासाठी पांढरा, अर्धपारदर्शक, न फुटणारा व न टोचला जाणारा डबा अनिवार्य केला. कचरा हाताळणाऱ्यांसह सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे हे आस्थापनेचे कर्तव्य ठरविले. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही-एड्सविषयक कायद्याने (२०१७) आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेवर संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचा प्रतिबंधक औषधोपचार पुरविण्याची जबाबदारी टाकली आहे. यांत ‘सुरक्षित सुईच वापरा’ अशी स्पष्ट सक्ती मात्र नाही, आणि ती होईपर्यंत निर्णय खरेदी समितीच्या टेबलावरच होणार आहे.

त्या टेबलावर काय घडते? तीन निविदा येतात, सर्वांत कमी दराची उचलली जाते. साध्या कॅन्युलापेक्षा सुरक्षित कॅन्युला महाग असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सेवाभावी न्यासाच्या रुग्णालयात विश्वस्तांना तर पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. त्यांची अडचण खोटी नाही. पण तो हिशेब पूर्ण मांडावा. एक सुई टोचली की रुग्णाच्या आणि कर्मचाऱ्याच्या तपासण्या, गरज पडल्यास अठ्ठावीस दिवसांची औषधे, त्यांच्या त्रासामुळे घ्यावी लागणारी रजा, महिनोन्महिने चालणाऱ्या फेरतपासण्या, हे सर्व खर्चाच्या दुसऱ्या रकान्यात येते. त्या महिन्यांत एखादी तरुण परिचारिका घरी लहान मुलाला जवळ घेतानाही कचरते, ते मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. सगळ्या सुया एकदम बदलणे परवडत नसेल तर जेथे धोका अधिक तेथून आरंभ करावा: शिरेत जाणाऱ्या कॅन्युला, रक्त घेण्याच्या सुया आणि अतिदक्षता, अपघात व डायलिसिस विभाग. स्नायूत दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनाच्या सुईत रक्त अत्यल्प असते. ती नंतर बदलली तरी चालेल. जे जे सुईविना होऊ शकते ते सुईविना करावे, यास तर फारसा पैसाही लागत नाही. तोंडाने घ्यावयाच्या गोळीने काम होत असताना ‘इंजेक्शन दिल्याशिवाय बरे वाटत नाही’ असा हट्ट धरणारे रुग्ण आणि तो पुरविणारे डॉक्टर यांनीही आपल्या वागण्याने कोणाच्या तरी बोटाचा धोका वाढविलेला असतो.

समाजात काम करणाऱ्यांनी आणखी एका जागेकडे पाहावयास हवे. रक्तदान शिबिरे, वस्त्यांतील आरोग्य तपासण्या, मधुमेह-चाचणीचे उपक्रम आपल्याकडे उत्साहाने होतात. मंडप, फलक, चहा, प्रमाणपत्रे यांचे नियोजन पंधरा दिवस आधी होते. लॅन्सेट टाकण्याचा डबा कोणी आणायचा, हे मात्र त्या दिवशी सकाळी आठवते, आणि मग पुठ्ठ्याचे खोके पुढे केले जाते. शिबिर संपल्यावर सतरंज्या गोळा करणारा महाविद्यालयीन कार्यकर्ता त्या खोक्यात हात घालतो. त्याला ना लस दिलेली असते, ना कोणी काही सांगितलेले असते. शिबिरात आपोआप आत जाणारी लॅन्सेटच वापरली जातील आणि तीक्ष्ण कचरा तपासणीस आलेली रक्तपेढी वा प्रयोगशाळा स्वतःच्या बंद डब्यातून परत नेईल, एवढे दोन मुद्दे निमंत्रणाच्या पत्रात लिहिले तरी पुष्कळ साधेल.

तीच गोष्ट घरांची. इन्शुलिन घेणारे ज्येष्ठ नागरिक आज मध्यमवर्गीय घराघरांत आहेत. ती सुई कोठे जाते? बहुतेक वेळा कोरड्या कचऱ्याच्या पिशवीत. सकाळी ती पिशवी उघडून कचरा हाताने निवडणारी बाई कोणी परकी नसते; तिला आपण नावाने हाक मारतो, दिवाळीला तिच्या हातात फराळाची पुडी ठेवतो. जाड प्लास्टिकची, झाकण घट्ट बसणारी रिकामी बरणी घ्यावी, सुई वापरल्याबरोबर तीत टाकावी, बरणी तीन-चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ‘सुया’ असे ठळक लिहावे आणि ती जवळच्या रुग्णालयात किंवा दवाखान्यात घेतात का ते विचारून तेथे नेऊन द्यावी. नाहीच घेतली तर पालिकेच्या घातक घरगुती कचऱ्यात वेगळी द्यावी.

शेवटी, इतके करूनही सुई टोचली तर काय करावे, हे आज येथून प्रत्येकाने पाठ करून जावयाचे आहे. बोट तोंडात घालू नये. पिळू नये, रक्त दाबून काढल्याने विषाणू बाहेर येतो हा गैरसमज आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे. स्पिरिट, ब्लीच असले काही चोळू नये. लगेच वरिष्ठांना सांगावे, मागाहून ‘पाहू’ म्हणू नये. एचआयव्हीप्रतिबंधक औषधाची पहिली मात्रा शक्यतो दोन तासांच्या आत घ्यावयाची असते. बहात्तर तासांनंतर तिचा उपयोग होत नाही. ती घ्यावी की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्याकडे पोहोचण्यास वेळ लावू नये. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत मिळते. तिसऱ्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती निर्माण झाली का तेही पाहावे, कारण काहींच्या शरीरात ती होत नाही आणि त्यांना ते ठाऊक नसते. हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण आता गोळ्यांनी बरा होणारा आजार म्हणून त्याच्याकडे पाहता येते; २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य आहेत.

आणि नोंद करावी. ‘माझीच चूक होती’ या लाजेपोटी जी घटना दडविली जाते, तिच्यातून रुग्णालय काहीच शिकत नाही. नोंदवहीत माणसाच्या चुकीचा रकाना नसावा. उपकरण कोणते, विभाग कोणता, वेळ कोणती आणि काय करताना घडले, एवढेच विचारावे. कंत्राटी मावशींचे टोचलेले बोटही त्याच वहीत, त्याच शाईने लिहिले जावे. दर तीन महिन्यांनी ती वही खरेदी समितीसमोर उघडली जावी. आपापल्या वॉर्डात परत गेल्यावर अशी वही आहे का, ती कोणाच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली रात्रपाळीला कोणाकडे असते, एवढे आधी पाहून ठेवावे.